एकच खून, दोनदा

(दृश्य : 'विदिन अवर गेट्स' हा मूकपट, १९२०. खिडकी, बाहेरून आत आलेली बंदूक.)

या खिडकीकडे नीट बघा. खोलीत जमीनदार ग्रिडलस्टोन आणि त्याची जमीन वाट्यानं कसणारा कृष्णवर्णीय शेतकरी, जॅस्पर लँड्री. जॅस्पर हिशेब मिटवायला आलाय. घरात आता लेक शिकलीय, सिल्व्हिया. वही ती लिहिते. मालक फसवतोय, हे तिच्यामुळेच कळलंय. शब्दाला शब्द लागतो, खिडकीतून गोळी सुटते आणि ग्रिडलस्टोन कोसळतो. झाडणारा गोरा आहे.

(दृश्य : तीच खोली.)

आता तोच खून पुन्हा. या खेपेला बंदूक जॅस्परच्या हातात! ही वर्तमानपत्रानं छापलेली खोटी हकिगत.

दोन्ही दृश्यं शेजारी ठेवणारा दिग्दर्शक ऑस्कर मिशो. बाप गुलामीत जन्मलेला. मिशोनं साउथ डकोटाचं माळरान नांगरलं, स्वतःची कादंबरी दारोदार विकली आणि पहिल्या चित्रपटासाठी शेअर विकून पैसा उभा केला. हॉलिवूडचा एक डॉलरही नाही.

(दृश्य : 'द बर्थ ऑफ अ नेशन', १९१५. दौडणारे घोडे.)

'विदिन अवर गेट्स'च्या पाच वर्षं आधीचा हा दिग्दर्शक ग्रिफिथचा चित्रपट. तोंडाला काळा रंग लावून कृष्णवर्णीय झालेला गोरा नट गोऱ्या मुलीच्या मागे धावतो. शेवटी क्लॅनचे, म्हणजे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचे, घोडेस्वार सुटकेला येतात. व्हाइट हाउसमध्ये याचा खेळ झाला आणि त्याच वर्षी क्लॅन नव्यानं उभी राहिली.

ग्रिफिथ दोन प्रसंग आलटून पालटून दाखवतो. मिशोही तेच करतो, पण बघा काय दाखवतो : इकडे जमाव जॅस्पर आणि त्याच्या बायकोला फासावर चढवतोय, तिकडे जमीनदाराचा भाऊ सिल्व्हियाच्या अंगावर धावून जातोय. सुटकेला कोणी घोडेस्वार येत नाहीत.

१९१९च्या शिकागोतल्या वांशिक दंगलीत ३८ माणसं गेली होती. पुन्हा दंगल पेटेल या भीतीनं तिथल्या सेन्सॉर मंडळानं मिशोचा चित्रपट आधी अडवला, मग कात्री लावून सोडला. दक्षिणेतल्या काही थिएटरांनी नकार दिला.

(दृश्य : मूकपटातल्या संवादांच्या पाट्या, स्पॅनिशमध्ये.)

पुढे चित्रपट हरवला. १९७०च्या दशकात स्पेनच्या संग्रहालयात एक प्रत सापडली, 'ला नेग्रा' नावानं. १९९३मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ती दुरुस्त केली. बहुतेक पाट्या स्पॅनिशवरून पुन्हा इंग्रजीत आणल्या. मिशोचे चाळीसहून अधिक चित्रपट. बरेचसे आज कुठेच नाहीत.

(दृश्य : लँड्रींचा धाकटा मुलगा, एमिल. निवेदन थांबते.)

गोळी लागल्याचं सोंग करून पडलेला हा पोरगा. बघा, आता उठेल. घोडा जवळच उभा आहे.