कायद्याच्या शब्दांवर लावलेला पैसा

मंडळी, सुरुवात स्वतःच्या फजितीपासून करतो, म्हणजे पुढे मी फार शहाणपणाचं बोलायला लागलो तर तुम्हाला मला आवरता येईल.

१८ जून २०१९. फेसबुकने ‘लिब्रा’ नावाचं डिजिटल चलन आणणार असल्याचं जाहीर केलं. त्या रात्री मी संगणकापुढे बसलो तो पहाटेच उठलो. तोवर माझ्या खात्यात चौदा डोमेन नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, जमा झाली होती, पुढे चढ्या भावाने विकायला. लिब्राच्या मागेपुढे टॅक्स, लायसन्स, रूल्स, लॉ असे शब्द डकवलेली. डोक्यातला हिशेब सरळ होता. एवढ्या मोठ्या कंपनीचं चलन येतंय म्हणजे सरकारं नियम करणार, नियम आले की वकील आणि सल्लागार येणार, त्यांना वेबसाइट लागणार आणि वेबसाइटला नाव. कायदा जन्माला यायच्या आधीच मी त्याचं बारसं उरकून मोकळा झालो होतो.

पुढे नियामकांनी त्या प्रकल्पाला असं घेरलं, की डिसेंबर २०२० मध्ये त्याचं नावच बदलून ‘डिएम’ झालं. जानेवारी २०२२ मध्ये उरलीसुरली मालमत्ता सिल्व्हरगेट बँकेला विकल्याचं जाहीर झालं आणि विषय संपला. माझी नावं बदलाच्या दिवशीच मेली होती. तरी मी पुढच्या जूनमध्ये त्यांचं रिन्यूअल भरलं. आशा वाईट असते.

पण लिब्रा यशस्वी झाला असता तर माझं याहून वाईट झालं असतं, हे मला फार उशिरा कळलं. दुसऱ्याच्या ट्रेडमार्कवर नाव घेऊन बसणाऱ्यांसाठी आयकॅनने, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेने, १९९९ पासून एक तंटा-निवारण पद्धत ठेवली आहे, यूडीआरपी. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव त्याच्या ट्रेडमार्कसारखं आहे, धारकाचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि ते वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं गेलंय. तिन्ही पटल्या की नाव जातं, भरपाई शून्य. अमेरिकेत त्याच वर्षीच्या कायद्याने न्यायालय एका नावामागे १ लाख डॉलरपर्यंत भरपाईही भरायला लावू शकतं. म्हणजे प्रकल्प बुडाला तर माझी नावं कवडीमोल आणि तरला तर ती हातची जाणार. असा सौदा मी स्वतःच्या खुशीने, रात्र जागून केला होता.

या धंद्यात ‘डोमेनचा मालक’ असं आपण सर्रास म्हणतो. मालकबिलक कोणी नसतं. आपण भाडेकरू. डॉट कॉमची रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या नावांची मुख्य नोंदवही, व्हेरिसाइन ही कंपनी चालवते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती रजिस्ट्रारकडून, म्हणजे आपल्याला नाव देणाऱ्या कंपनीकडून, एका नावाचे वर्षाला १०.२६ डॉलर घेऊ लागली, त्यावर रजिस्ट्रार आपलं काहीतरी चढवतो. एका वेळी फार तर दहा वर्षांचं भाडं भरता येतं. आता दोनशे नावं धरा. वर्षाला दोन-सव्वादोन हजार डॉलर गेलेच, काही विको न विको. जुनेजाणते लोक वर्षाला शंभरातलं एखादं, फार तर दोन नावं विकली जातील असं धरून चालतात. म्हणजे दोनशेतली दोन विकली गेली, तर त्या दोघांनी उरलेल्या एकशे अठ्ठ्याण्णवांचं भाडं भरायचं. गाजराची पुंगी निदान मोडून खाता येते, न विकलेलं नाव मोडूनही खाता येत नाही.

मग कोणीतरी क्रिप्टो डॉट कॉमचं उदाहरण देतं. देऊ दे, पण पूर्ण द्या. ते नाव मॅट ब्लेझ या संशोधकाने १९९३ मध्ये घेतलं होतं, बिटकॉइनच्या कितीतरी आधी. त्याच्या लेखी क्रिप्टो म्हणजे क्रिप्टोग्राफी, मजकूर सांकेतिक करून लपवण्याचं शास्त्र, त्याचा अभ्यासाचा विषय. पंचवीस वर्षं त्याने ते स्वतःच्या कामासाठी वापरलं, विकायला तो राजी नव्हता. शब्दाचा अर्थच त्याच्या पायाखालून सरकला आणि २०१८ मध्ये मोनॅको नावाच्या कंपनीने ते घेऊन स्वतःचंच नाव बदललं. याला गुंतवणूक म्हणायचं असेल तर म्हणा. दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. २०१९ मध्ये ब्लॉक-वन या क्रिप्टो कंपनीने व्हॉइस डॉट कॉम ३ कोटी डॉलर मोजून घेतलं. त्या नावात कॉइन नाही, चेन नाही, टोकन नाही. साधा ‘आवाज’. आणि विकलं कोणी? मायक्रोस्ट्रॅटेजीने, जी पुढच्याच वर्षी बिटकॉइन साठवायला लागली.

आता नियमनाच्या नावांकडे येऊ, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे तिथेच बुडालेत.

कायद्याचा शब्द आणि तोंडचा शब्द हे दोन वेगळे प्राणी आहेत. लोक ‘क्रिप्टो’ म्हणतात. २०१३ मध्ये अमेरिकेच्या फिनसेनने, म्हणजे काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, मार्गदर्शन दिलं त्यात ‘व्हर्च्युअल करन्सी’ होतं. २०१५ च्या न्यूयॉर्कच्या नियमांतही तेच, पण लोकांनी त्या परवान्याला ‘बिटलायसन्स’ म्हटलं. २०१८ मध्ये एफएटीएफने, म्हणजे काळ्या पैशाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, ‘व्हर्च्युअल अ‍ॅसेट’ हा शब्द आणला, करन्सी गेली, अ‍ॅसेट आलं. जपानने २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून स्वतःचाच ‘आभासी चलन’ हा शब्द बदलला आणि ‘क्रिप्टो अ‍ॅसेट’ केला. युरोपीय संघाच्या मिका या क्रिप्टोवरच्या कायद्यात ‘क्रिप्टो-अ‍ॅसेट’ आहे. एफएटीएफच्या भाषेत सेवा देणारा ‘व्हॅस्प’, मिकाच्या भाषेत ‘कॅस्प’. एका अक्षराचा फरक, पण ज्याने व्हॅस्पवर पन्नास नावं घेतली त्याला विचारा ते अक्षर केवढ्याला पडलं.

आणखी जवळून बघा. मिका मंजूर झाला २०२३ मध्ये. त्यातले ज्याला आपण स्टेबलकॉइन म्हणतो, म्हणजे डॉलरसारख्या कशाला तरी भाव बांधलेलं क्रिप्टो, त्याबद्दलचे नियम ३० जून २०२४ पासून लागू झाले, बाकीचे ३० डिसेंबर २०२४ पासून. पण त्याच्या व्याख्यांमध्ये स्टेबलकॉइन हा शब्द शोधाल तर सापडायचा नाही. तिथे ‘ई-मनी टोकन’ आणि ‘अ‍ॅसेट-रेफरन्स्ड टोकन’ आहे. हा दुसरा शब्द एखाद्या गिऱ्हाइकाने वेबसाइटच्या पत्त्यात टंकलाय अशी कल्पना करून बघा. मसुदा लिहिणाऱ्याला संदिग्धता नको असते, म्हणून तो लांब, बोजड, कोणीच न वापरलेला शब्द निवडतो. नाव घेणाऱ्याला नेमका उलटा शब्द हवा असतो. दोघांचं जमणार कसं?

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत स्टेबलकॉइनसाठीच्या जीनियस कायद्यावर सही झाली. तिथे शब्द ‘पेमेंट स्टेबलकॉइन’. त्या आठवड्यात मी सवयीने शोधत बसलो, तर मला सुचलेली जवळपास सगळी नावं कोणीतरी आधीच उचललेली. विधेयक काही महिने चर्चेत होतं, झोपलेले आपणच होतो. हे एका अर्थी बरंच झालं. बातमी वाचून नाव घ्यायला जाणारा नेहमी दुसऱ्याच्या मागे रांगेत असतो.

डॉट ईयूवर मिकाची नावं घ्यायची असं काहींना सुचतं. आधी पात्रता बघा. युरोपीय आर्थिक क्षेत्रातले रहिवासी आणि संस्था किंवा युरोपीय संघाचे नागरिक, एवढ्यांनाच ते मिळतं. ब्रेक्झिटनंतर १ जानेवारी २०२१ ला ब्रिटिश धारकांची नावं बंद पडली, त्यांनी पैसे भरलेले असूनही. डॉट ईथसारखी ब्लॉकचेनवरची नावं हा वेगळाच पंथ आहे. ती आयकॅनच्या मुख्य यादीत नाहीत, साध्या ब्राउझरला ती ओळखू येत नाहीत, त्यामुळे आज त्यांत मी शिरत नाही. मध्यवर्ती बँकांच्या डिजिटल चलनाची नावं घेऊन बसलेल्यांनाही एकच विचारतो: बँकेकडे स्वतःचा सरकारी पत्ता असताना ती तुमच्या दारी कशाला येईल?

तुमच्या दारी कोण येतं ते सांगतो. माझ्याकडे एक नाव होतं, क्रिप्टो परवाना तपासण्याशी जुळणारं. इंग्रजी वाचणाऱ्याला ते एखाद्या नियामकाचं पान वाटेल असं. तीन वर्षं कोणी विचारलं नाही. मग एके दिवशी मेल आला, किंमत काय? मी सांगितली ती घासाघीस न करता मान्य. एस्क्रो, म्हणजे तिऱ्हाइताकडे पैसे ठेवून व्यवहार, नको म्हणाला, पैसे स्टेबलकॉइनमध्ये देतो, नाव हलवायचा ट्रान्सफर कोड आजच पाठवा. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक मी तोवर पाहिलं नव्हतं. नाव कशासाठी हवंय विचारलं, तर उत्तर आलं, वेबसाइटसाठी. मी विकलं नाही आणि त्या नावाचा वीट येऊन रिन्यूअलही भरलं नाही.

मुदत संपलेलं नाव लगेच सुटत नाही. आधी सवलतीचे दिवस, मग तीस दिवस दंड भरून सोडवायची मुभा, मग पाच दिवस ते नुसतं पुसलं जायची वाट बघतं. मी हे सगळे दिवस जाऊ दिले. सुटलं त्याच दिवशी ते कोणीतरी पकडलं. काही आठवड्यांनी सहज उघडून पाहिलं. वर ढालीचं चित्र, खाली ‘आपल्या वॉलेटची नोंदणी पडताळा’, आणि त्याखाली बारा रिकाम्या चौकटी, क्रिप्टो ठेवायच्या वॉलेटचे बारा गुप्त शब्द एकेक करून भरायला. ते शब्द ज्याच्या हाती, वॉलेटही त्याच्याच हाती. मी रजिस्ट्रारला कळवलं, चार दिवसांनी पान गेलं. चार दिवसांत त्या चौकटी किती जणांनी भरल्या असतील?

माझ्याकडे तसलीच आणखी तीन नावं आहेत. ती मी विक्रीला लावलेली नाहीत. दर वर्षी भाडं भरतो आणि तशीच पडून राहू देतो.