एकटीच्या नावेतून आठजणींच्या नावेत

[दृश्य : पहाटेचं तळं. धुक्यातून वल्ह्यांचा एका लयीतला आवाज.]

रोइंगमध्ये अंतिम रेषा खेळाडूच्या पाठीमागे असते. नाव जाते एकीकडे, तोंड दुसरीकडे. डोळ्यांना दिसतात त्या फक्त मागे पडलेल्या नावा.

१९८४, लॉस एंजेलिस ऑलिम्पिक. सोव्हिएत संघ, पूर्व जर्मनी यांचा बहिष्कार. रोमानिया मात्र आला, आणि महिलांच्या सहापैकी पाच शर्यती जिंकून गेला. त्यातल्या डबल स्कल्सच्या, म्हणजे दोघींच्या नावेत मारिओआरा पोपेस्कूसोबत होती १९ वर्षांची एलिझाबेटा ओलेनियुक. लग्नानंतर जगाने तिला ओळखलं ते एलिझाबेटा लिपा म्हणून.

तेव्हा बायकांची शर्यत १००० मीटरची असे. पुढच्याच वर्षी ती पुरुषांइतकी, २००० मीटरची झाली. साडेतीन मिनिटांत संपणारा जोर आता सात मिनिटं पुरवायचा. लिपाने तो पुरवला. १९८८ला सोल ऑलिम्पिकमध्ये एक रौप्य, एक कांस्य. १९८९ला एकेरीत जगज्जेतेपद.

[दृश्य : बन्योलेस सरोवर, स्पेन.]

१९९२, बार्सिलोना ऑलिम्पिक. इथल्या एकेरीच्या शर्यतीचा विषय निघाला की लोक बोलतात ते कॅनडाच्या सिल्कन लॉमनबद्दल. अडीच महिन्यांपूर्वी अपघातात पाय फाटलेला, तरी तिसरी आली. कौतुक रास्तच आहे. पण पहिली कोण आली, ते विचारून बघा! लिपा. वर त्याच ऑलिम्पिकमध्ये दुहेरीचं रौप्यही.

खरी गंमत यापुढे आहे. स्कलिंगमध्ये हातात दोन वल्ही असतात, अंगाचा तोल दोन्हीकडे सारखा. आठजणींच्या नावेत प्रत्येकीला एकच वल्हं, जास्त लांब. दोन्ही हात त्याच दांड्यावर, आणि अंग दर फटक्याला एकाच बाजूला वळतं. एकीचं पातं जरा उशिरा पाण्यात शिरलं, की सगळी नाव डुचमळते. वेग ठरवायला, ओरडायला समोर कॉक्स, म्हणजे स्वतः न वल्हवता नावेला दिशा देणारी. एकटीने सुवर्ण जिंकलेली बाई या नावेत आठांतली एक होऊन बसली.

१९९६, अटलांटा : सुवर्ण.

२००० सिडनी : सुवर्ण.

२००४, अथेन्स. अमेरिकेची नाव दुसरी, नेदरलँड्सची तिसरी. रोमानियाच्या नावेत लिपा, वय ३९. पहिल्या सुवर्णाला वीस वर्षं झाली होती. सहा ऑलिम्पिकमधलं हे आठवं पदक, पाचवं सुवर्ण.

पुढे ती रोमानियाच्या रोइंग महासंघाची अध्यक्ष झाली. काही काळ क्रीडामंत्रीही.