पाठकोऱ्या पानांवरची अंतराळयाने

अध्यक्ष महोदय आणि रसिकहो,

व्यंगचित्रकाराने स्वतःच्या चित्रांविषयी बोलावे अशी रीत आहे. मी मात्र आज इतरांच्या चित्रांविषयी बोलणार आहे. परभणीतल्या माझ्या घरी तीन पत्र्याच्या पेट्या आहेत आणि त्यांत विज्ञानकथेच्या चाहत्यांनी गेल्या चार-पाच दशकांत निव्वळ हौसेने काढलेली चित्रे आहेत. काही मी परदेशी हौशी अंकांना चित्रे पाठवून त्या बदल्यात मिळवली, तर काही इथल्याच मुलांनी वहीच्या पाठकोऱ्या पानांवर काढून माझ्या हाती दिली.

या हौशी अंकांना फॅनझीन म्हणतात. अमेरिकेत ते 1930 पासून निघू लागले. त्यांचा व्यवहार मुख्यतः पैशांवर चालत नसे. संपादकाला पत्र, लेख किंवा चित्र पाठवले की अंक घरपोच येई. विल्यम रॉट्सलर यांच्यासारखे चित्रकार तर मागेल त्या संपादकाला चित्रे देऊन टाकत. 1967 साली विज्ञानकथा क्षेत्रातल्या ह्यूगो पुरस्कारांत चाहत्या चित्रकारांसाठी वेगळा विभाग सुरू झाला. त्याचे पहिले मानकरी जॅक गॉगन यांना त्याच वर्षी व्यावसायिक चित्रकाराचाही पुरस्कार मिळाला, म्हणजे हौशी आणि धंदेवाईक यांच्यामधली भिंत उभी राहतानाच तिला खिंडार पडले. रॉट्सलर यांना हौशी विभागातला हा मान 1975 ते 1997 या काळात चार वेळा मिळाला.

यातले बरेच अंक सायक्लोस्टाईलवर निघत. आपल्याकडे शाळेच्या प्रश्नपत्रिका ज्या यंत्रावर निघत, तेच हे यंत्र. मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने चित्र कोरायचे असते आणि जिथे मेण निघते तिथूनच शाई झिरपते. काळा भाग सलग भरायला गेलात तर स्टेन्सिल फाटते. म्हणून या चित्रांत सावली ठिपक्यांनी किंवा आडव्यातिडव्या रेघांनी दाखवलेली दिसते. माझ्या मते त्या चित्रांचे अर्धे सौंदर्य या अडचणीतून आले आहे. अंतराळाचा काळोख रंगवता येत नाही म्हटल्यावर चित्रकार कागद कोराच ठेवत आणि एका कोपऱ्यात इवलेसे यान काढून मोकळे होत. पोकळी त्याहून चांगली दाखवता येईल असे मला वाटत नाही.

आता जतनाविषयी. पहिली दहा वर्षे मी सगळे चुकीचे केले. फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावली आणि ती पुढे पिवळी पडून कागदात मुरली. टाचण्या गंजल्या, एका पेटीत वाळवी शिरली. मराठवाड्याचा उन्हाळा कागदाचा ओलावा शोषून घेतो आणि स्वस्त कागद दुमडला की पापडासारखा मोडतो. आता मी प्रत्येक चित्र इंचाला 600 ठिपके या प्रमाणात स्कॅन करतो, आणि पाठीमागची बाजूही सोडत नाही, कारण तारीख, संपादकाची पेन्सिलीतली सूचना, कधी पोस्टाचा शिक्का, हे सारे तिथेच असते. डाग पुसून चित्र उजळ करण्याचा मोह मी टाळतो. निदान मूळ प्रतिमा तरी तशीच ठेवतो.

ही चित्रे सर्वांना पाहू द्यावीत हे उघड आहे, कारण ती मुळातच फुकट वाटण्यासाठी काढलेली होती. पण कागद माझा असला तरी चित्र माझे होत नाही. आपल्या कायद्यानुसार चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर 60 वर्षे हक्क त्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. म्हणून मी आधी पत्र लिहितो, आणि होकार आला की चित्रकाराच्या नावासह चित्र खुले करतो. नाव कापून चित्र फिरवणारे पाहिले की मला आजही राग येतो.

खरी अडचण निनावी चित्रांची आहे. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठवली, तेव्हा अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली होती. अक्षर दुसऱ्याकडून लिहवून घेता येते. रेषेचे मात्र तसे नाही. म्हणूनच आज एक चित्र सोबत आणले आहे. वेरूळच्या कैलास लेण्यावर उतरणारी तबकडी, खाली शेळ्या राखणारा मुलगा, आणि सहीच्या जागी फक्त एक त्रिकोण. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी ते माझ्या दाराच्या फटीतून आत सरकवले होते. व्याख्यान संपल्यावर ते या टेबलावर ठेवतो आहे. तो हात कुणाला ओळखू आला तर मला सांगा.