पाण्याची भरलेली बाटली

नमस्कार, श्रोतेहो.

माझी नात गेल्या वर्षी दुसरीत होती. शाळेतून आली की दप्तर सोफ्यावर, एक बूट इकडे, एक तिकडे आणि बाईसाहेब टीव्हीसमोर. दप्तरातून डबा-बाटली काढणं हे माझं काम. ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला होता, आणि माझ्या लक्षात आलं की डबा चाटूनपुसून येतोय, पण बाटली सकाळी भरली तशीच गळ्यापर्यंत भरलेली परत येतेय. विचारलं तर म्हणाली, "तहान नव्हती."

मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय. या उत्तरावर माझा विश्वास बसायला नको होता. पण बसला.

आठवडाभरानं आम्ही दोघी ओल्या शेंगा फोडत बसलो होतो. शेंगा फोडताना नजर शेंगेवर असते, समोरच्याच्या तोंडाकडे नसते. मधेच ती म्हणाली, "आजी, पाणी प्यायलं ना, की शू लागते." मी पुढची शेंग उचलली. "आणि आमच्या बाथरूमची कडी तुटलीय. चौथीतली मुलं येऊन दार ढकलतात. मग पायानं दार धरून बसायला लागतं."

म्हणजे सकाळी सातपासून दुपारी दीडपर्यंत ही मुलगी तहानलेली बसत होती, आणि घरात रोज विचारलं जात होतं, "आज शाळेत काय झालं?" उत्तर ठरलेलं: "काही नाही."

लेकीनं दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकांची गाठ घेतली, मग मुख्याध्यापिकांची. दोन दिवसांत कडी बसली आणि चौथीच्या वर्गालाही योग्य ती समज मिळाली. बाटली रिकामी यायला लागली.

आज मला बोलायचंय ते शाळेतल्या सुरक्षिततेबद्दल, हिंसेबद्दल, आणि सुरुवात केली एका कडीपासून. कारण शिक्षिका म्हणून मी पाहिलंय, मुलांची मोठी गोष्ट लहान गोष्टीच्याच पायवाटेनं घरी येते. ती वाट आपण रोजच्या "गप्प बस, कटकट करू नकोस"नं बुजवून टाकलेली असेल, तर मोठ्या गोष्टीला दुसरा रस्ता नसतो.

ऑगस्ट 2024 आठवा. बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं, आणि आरोप होता शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्यावर. तक्रार नोंदवून घ्यावी म्हणून आईवडिलांना तासन्‌तास ताटकळावं लागलं. 20 ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, दिवसभर लोकल बंद पडल्या. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. हे सगळं आपण टीव्हीवर पाहत होतो, आणि आपल्या शेजारी मुलं बसलेली होती.

माझी नात तेव्हा पहिलीत. तिनं विचारलं, "लोक रुळावर का उभे आहेत?" माझ्या लेकीनं पटकन चॅनल बदललं. "काही नाही गं, संप आहे." दुसऱ्या दिवशी व्हॅनमधल्या मोठ्या मुलांकडून ही बया असं काही ऐकून आली की रात्री दिवा बंद करू देईना. मग मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, "एका शाळेत एका मोठ्या माणसानं लहान मुलींच्या चड्डीच्या आतल्या जागेला हात लावला. असं करणं हा गुन्हा आहे. मुलींनी घरी सांगितलं, म्हणून पोलिसांनी त्याला पकडलं." झालं. तीन वाक्यं.

तिनं थोडा विचार केला आणि विचारलं, "मुलींना कोणी रागावलं का?"

श्रोतेहो, या प्रश्नाची मी तयारी केलेली नव्हती. आपल्याला वाटतं मुलं त्या वाईट माणसाला घाबरत असतील. त्याहून जास्त ती आपल्या रागाला भितात. मी म्हटलं, "नाही गं. शहाण्या आहात, असंच म्हणाले सगळे."

मोठ्या मुलांची गोष्ट वेगळी. नववी-दहावीतल्या पोरांनी तुमच्याआधी फोनवर सगळं पाहिलेलं असतं. तिथं भाषण देऊ नका. "तुमच्या ग्रुपवर काय फिरतंय?" एवढं विचारा आणि ऐका. आणि फोटो, नाव, शाळेचा पत्ता पुढे पाठवला असेल तर ते तिथंच थांबवा. पीडित मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं हा कायद्यानं गुन्हा आहे.

आता आपल्या बोलण्याकडे येते. "अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नकोस" हे आपण घोकून घेतो. पण मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत वर्षानुवर्षं दहातले नऊहून अधिक आरोपी ओळखीचेच निघतात. ज्याला मूल काका, मामा, दादा, सर म्हणतं, तो. आणि आपणच पाहुण्यांसमोर म्हणत असतो, "काकांना पापी दे बघू, नाहीतर काका रुसतील." मूल आईमागे लपतं, आपण हसून त्याला पुढे ढकलतो. नको वाटत असताना अंगाला अंग लागू द्यायचं, हे शिक्षण आपणच घरात देतो, आणि मग त्यानं शाळेत जोरात "नाही" म्हणावं अशी अपेक्षा धरतो.

तसंच शब्दांचं. नाक, कान, कोपर, टाच, सगळ्याची नावं शिकवतो आणि कमरेखाली आलो की "शी, शेम शेम!" ज्या अवयवाचं नावच लाज आहे, त्याबद्दल मुलानं तोंड कसं उघडायचं? शू-ची जागा, शी-ची जागा, छाती, कुल्ले. घरात बोलता येतील असे शब्द द्या, न हसता द्या. मुलग्यांनाही द्या. त्यांच्याबाबतीतही हे घडतं, आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा 2012 सालचा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही.

आणखी एक शब्दांची जोडी मला फार उपयोगी पडली. गंमत आणि गुपित. बाबांच्या वाढदिवसाचा केक कपाटात लपवलाय, ही गंमत. संध्याकाळी सगळ्यांना कळणार असते. "हे कुणाला सांगायचं नाही, सांगितलंस तर आईला काहीतरी होईल," असं कुणी म्हणालं, तर ते गुपित. आपल्या घरात गुपितं ठेवायची नाहीत. पाच वर्षांच्या मुलाला हा फरक बरोबर कळतो.

आता माझ्या स्वतःच्या चुकीकडे येते. नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत मीही हातावर पट्टी मारलेली आहे. पालकच सांगायचे, "बाई, चांगला फोडून काढा त्याला." 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम 17 आलं, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आली, तेव्हा स्टाफरूममध्ये कुरकुर करणाऱ्यांत मीही होते. मार बंद केल्यावर मला कळलं की माझ्या वर्गातली मुलं याआधी मला काहीच सांगत नव्हती. चोरीला गेलेला कंपास, मागच्या बाकावरची दादागिरी, एकाच्या डब्यात थुंकलेलं, हे सगळं आधीही चालू असणारच. "बाई, तो मला चिडवतो," असं सांगणाऱ्याला मी म्हणायचे, "चहाडी करू नकोस." त्या वाक्याचं मला आजही वाईट वाटतं.

शाळेत तक्रार पेटी असते. पालकसभेत एकदा विचारा, तिची किल्ली कोणाकडे आहे. आमच्या शाळेतली पेटी एकदा उघडली तेव्हा चॉकलेटचे कागद, एक खडू आणि एकच चिठ्ठी निघाली: "बाईंनी माझी रबरवाली पेन्सिल परत दिली नाही." सगळे हसले. मी टेबलाच्या खणात शोधलं, तर पेन्सिल होती. परत दिली. पुढच्या महिन्यात पेटीत सात चिठ्ठ्या होत्या, आणि त्यातली एक हसण्यासारखी नव्हती. त्याबद्दल इथं अधिक सांगणार नाही.

मुलांच्या सुरक्षिततेकडे लक्ष द्यायला राज्यातल्या शाळांसाठी 2022 पासून सखी सावित्री समितीही आहे. तुमच्या शाळेत ती नुसत्या फलकावर आहे की कधी बसतेही, हेही विचारा.

आणि मुलानं खरंच काही सांगितलं तर? आधी स्वतःचा चेहरा सांभाळा. "अगं बाई!" असं ओरडू नका, तोंडावर हात मारून घेऊ नका. "बरं झालं सांगितलंस, तुझी काही चूक नाही," एवढं म्हणा. खोदून खोदून विचारू नका, मुलानं वापरलेले शब्द तसेच लिहून ठेवा. कपडे धुऊ नका. शाळेच्या अब्रूसाठी "समजुतीनं मिटवू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. असा गुन्हा माहीत असून न कळवणं हाच पॉक्सोखाली गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं तो दडवला तर शिक्षा अधिक, एक वर्षापर्यंत कैद. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा असतो, पोलिसांनी गणवेशात यायचं नसतं, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. आपला हक्क म्हणून हे ठामपणे सांगा.

चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर 1098. दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत. मुलांना पाठ करायला सोपा, दहा-नऊ-आठ. माझ्या नातीला मी तो उलटे आकडे म्हणून शिकवला. आता लपाछपीत तिच्यावर राज्य आलं की ती भिंतीकडे तोंड करते, मोठ्यानं म्हणते, "दहा, नऊ, आठ!" आणि तिथंच थांबून धावत सुटते. बाकीची पोरं ओरडत असतात, "चीटिंग, चीटिंग!"

नमस्कार.