रुग्णालयात हिपॅटायटिस ई किती जणांना होतो?

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत दिवसभर रक्ताचे नमुने येत असतात. त्यांतल्या अनेकांवर यकृताच्या चाचण्या होतात, बिलिरुबिन मोजले जाते, यकृताला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या एएलटी या विकराची पातळी पाहिली जाते आणि शस्त्रक्रियेपूर्वी हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणी बहुतेक ठिकाणी केली जाते. हिपॅटायटिस ई या विषाणूची चाचणी मात्र डॉक्टरांनी वेगळी लिहून दिली तरच होते, आणि ती लिहून देण्याइतकी शंका सहसा कावीळ स्पष्ट दिसू लागल्यावरच येते. त्यामुळे दाखल रुग्णांपैकी किती जणांना हा संसर्ग आहे किंवा पूर्वी होऊन गेला आहे, याचे उत्तर रुग्णालयाच्या नेहमीच्या नोंदींत मिळत नाही. ते मुद्दाम शोधावे लागते, आणि शोधण्याची पद्धत बदलली की उत्तरही बदलते.

हा विषाणू अगदी लहान, जेमतेम 27 ते 34 नॅनोमीटर व्यासाचा असतो आणि त्याची जनुकीय माहिती आरएनएच्या एका धाग्यात असते. 1955–56 मध्ये दिल्लीत सांडपाणी मिसळलेल्या पिण्याच्या पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली. ती हिपॅटायटिस ए ची असावी असा त्या काळी समज झाला होता, परंतु जपून ठेवलेले नमुने पुढे तपासले तेव्हा तो समज टिकला नाही. 1978 मध्ये काश्मीर खोऱ्यातील साथीच्या अभ्यासातून हा वेगळाच आजार असल्याची खात्री पटत गेली. 1983 मध्ये रशियन शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेतील संसर्गजन्य द्रव स्वतः प्राशन करून आजार ओढवून घेतला आणि आपल्याच नमुन्यांत हे विषाणूकण सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले. 1990 मध्ये विषाणूच्या जनुकांची ओळख पटल्यानंतर रक्तचाचण्या तयार करणे शक्य झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने अनेक वर्षे वापरलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 2 कोटी लोकांना हा संसर्ग होतो, पण लक्षणे दिसतात ती त्यांपैकी सुमारे 33 लाख लोकांनाच. उरलेल्या फार मोठ्या संख्येला आपल्याला काही झाले होते याची कल्पनाही नसते. तीच माणसे पुढे कधी हाड मोडले म्हणून, कधी हृदयविकारासाठी, कधी प्रसूतीसाठी रुग्णालयात येतात आणि त्या जुन्या संसर्गाची खूण रक्तात घेऊन येतात.

ही खूण म्हणजे प्रतिपिंडे, अर्थात विषाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रथिने. संसर्ग नुकताच झाला असेल तर आयजीएम प्रकारची प्रतिपिंडे दिसतात आणि काही महिन्यांत ती ओसरतात. आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे त्यानंतरही वर्षानुवर्षे टिकू शकतात. विषाणूचा आरएनए रक्तात सापडला तर संसर्ग त्या क्षणी चालू आहे असे समजावे. निरोगी प्रतिकारशक्तीच्या माणसात तो साधारणपणे काही आठवडेच सापडतो. म्हणजे एकाच वॉर्डातील त्याच रुग्णांबद्दल तीन वेगळी प्रमाणे निघतील आणि तिन्ही बरोबर असतील. एखाद्या अभ्यासात 20 टक्के रुग्ण “पॉझिटिव्ह” आले असे वाचल्यावर खाटांवरचा दर पाचवा माणूस हिपॅटायटिस ई ने आजारी आहे असा अर्थ काढला, तर तो सपशेल चुकीचा ठरेल. तो आकडा आयजीजीचा असेल तर त्यातील बहुतेक जण पूर्वीच बरे झालेले असतात. बातम्यांत हा फरक फार वेळा पुसला जातो, आणि त्यातून विनाकारण भीती पसरते हे खेदाने सांगावे लागते.

दुसरी अडचण चाचणीच्या संचांची आहे. ब्रिटनमधील रक्तदात्यांचे तेच 500 नमुने दोन वेगवेगळ्या संचांनी तपासले गेले तेव्हा एका संचाने 3.6 टक्के, तर दुसऱ्याने 16.2 टक्के लोकांत आयजीजी दाखवले. अमेरिकेत 1988 ते 1994 दरम्यान गोळा केलेल्या राष्ट्रीय नमुन्यांत हे प्रमाण 21 टक्के आले होते, तर 2009–10 च्या नमुन्यांत दुसऱ्या संचाने ते 6 टक्के आले. या घसरणीतील खरी घट किती आणि संचातला फरक किती, हे नुसत्या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. म्हणून दोन रुग्णालयांची तुलना करण्यापूर्वी संच एकच होता का, हे आधी विचारावे लागते.

शिवाय रुग्णालयातील माणसे म्हणजे समाजाचा सरासरी नमुना नव्हे. दाखल रुग्णांचे वय जास्त असते, आणि वय वाढते तसे आयजीजीचे प्रमाणही वाढते, कारण संसर्ग होण्याची संधी आयुष्यभर साठत गेलेली असते. ज्यांना शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे, दिले आहे, त्यांच्या रक्तात दात्यांची प्रतिपिंडे उतरतात आणि कधीच संसर्ग न झालेला रुग्णही चाचणीत पॉझिटिव्ह दिसू शकतो. याच्या उलट, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांत प्रतिपिंडे उशिरा तयार होतात किंवा होतच नाहीत. अशा रुग्णाचा आयजीएम अहवाल निगेटिव्ह आला तरी रक्तात विषाणू असू शकतो. त्याच्यासाठी आरएनएची चाचणीच हवी.

रुग्ण कोणत्या प्रदेशातला आहे यावरही बरेच अवलंबून असते. या विषाणूचे जनुकीय प्रकार 1 आणि 2 माणसांतच आढळतात आणि दूषित पाण्यातून पसरतात. त्यांच्या साथींत तरुण, धडधाकट माणसे काविळीने दाखल होतात. प्रकार 3 आणि 4 डुकरांत, रानडुकरांत आणि हरणांत असतात आणि नीट न शिजवलेल्या मांसातून माणसापर्यंत पोहोचतात. हा संसर्ग बहुधा गुपचूप येऊन जातो, आणि आजार दिसलाच तर तो मुख्यतः मध्यमवयीन व वृद्ध पुरुषांत दिसतो.

हा संसर्ग कुठे निसटतो, याची काही नेमकी उदाहरणे आहेत. औषधामुळे यकृताला इजा झाली असा संशय असलेल्या 318 रुग्णांचे नमुने अमेरिकेत पुन्हा तपासले गेले, तेव्हा त्यांपैकी 9 जणांत, म्हणजे सुमारे 3 टक्क्यांत, हिपॅटायटिस ई ची आयजीएम प्रतिपिंडे सापडली. प्रमाण लहान आहे, पण ज्या रुग्णाचे गरजेचे औषध विनाकारण बंद केले जाते त्याच्यासाठी ते लहान नाही. नेदरलँड्समध्ये गिलां-बारे सिंड्रोमच्या, म्हणजे नसांच्या विकाराने अचानक हातपाय लुळे पडणाऱ्या, 201 रुग्णांपैकी 10 जणांत हीच प्रतिपिंडे आढळली, तर तुलनेसाठी घेतलेल्या तितक्याच निरोगी लोकांत ती फक्त एकात होती. मज्जासंस्थेच्या वॉर्डात दाखल झालेल्या आणि डोळे अजिबात पिवळे नसलेल्या माणसाच्या बाबतीत हा विषाणू कोणाच्या मनात येणार?

जिथे प्रमाण कमी असले तरी धोका मोठा असतो, असे दोन गट दुर्लक्षून चालणार नाहीत. प्रकार 1 च्या साथींत गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत संसर्ग झालेल्या स्त्रियांपैकी 20 ते 25 टक्क्यांपर्यंत स्त्रिया दगावल्याच्या नोंदी आहेत. आधीपासून सिऱ्हॉसिस, म्हणजे व्रण साठून कडक झालेले यकृत, असलेल्या रुग्णाचे यकृतही या संसर्गाने झपाट्याने निकामी होऊ शकते.

रुग्णालयात येताना निरोगी असलेल्याला तिथेच हा विषाणू मिळण्याचा एक मार्ग म्हणजे रक्त. इंग्लंडच्या आग्नेय भागात 2012–13 मध्ये दान केलेल्या 2,25,000 रक्तपिशव्या तपासल्या गेल्या आणि 79 दात्यांच्या रक्तात विषाणूचा आरएनए मिळाला, म्हणजे साधारण दर 2,848 दानांत एक. या रक्ताचे घटक मिळालेल्या ज्या 43 रुग्णांचा पाठपुरावा करता आला, त्यांपैकी 18 जणांना संसर्ग झाला होता. त्यानंतर ब्रिटन आणि नेदरलँड्स या दोन्ही देशांनी दान केलेल्या रक्ताची हिपॅटायटिस ई साठी तपासणी सुरू केली.

अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांबाबत हा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. हिपॅटायटिस ई कधीच दीर्घकाळ टिकत नाही, असे डॉक्टर वर्षानुवर्षे शिकत आले होते. 2008 मध्ये फ्रान्समधील तूलूझ येथील डॉक्टरांनी प्रत्यारोपणानंतर संसर्ग झालेल्या 14 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली; त्यांपैकी 8 जणांत तो जुनाट झाला होता. अशा रुग्णाला फारसा त्रास जाणवत नाही, एएलटी किंचित वाढलेले राहते, आणि काही वर्षांतच यकृत कडक होत जाऊन सिऱ्हॉसिसपर्यंत मजल जाऊ शकते. एएलटीमधली ही किंचित वाढ औषधांचा परिणाम किंवा नव्या अवयवाचा अस्वीकार म्हणून सोडून दिली जाते, आणि माझ्या मते रुग्णालयांतील मोजणीतली ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कारण निदान झाले तर करण्यासारखे बरेच आहे. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची मात्रा कमी केल्यावरच सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या शरीरातून विषाणू निघून जातो. ज्यांचा जात नाही त्यांना रिबाव्हिरिन हे विषाणूरोधक औषध देता येते, मात्र गर्भवतींना हे औषध चालत नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे औषध घेतलेल्या 59 प्रत्यारोपित रुग्णांपैकी 46 जणांच्या रक्तात, उपचार संपल्यानंतर सहा महिन्यांनीही विषाणू सापडला नाही.