चंदेरी पानाची ओळख

हे पान चंदेरी दिसतंय. आता माळ्याचं नख बघा. हलकेच फिरलं, पांढरट भुकटी निघाली आणि खालून आला तो चांगला गडद हिरवा रंग. पान हिरवंच असतं. चंदेरी असतं ते त्यावरचं आवरण.

तीच भुकटी भिंगाखाली. हे रशियन ऑलिव्हचे खवले. मधे बारीक दांडा, वर पसरलेली गोल चकती, कडा दातेरी. अशा असंख्य छत्र्या एकमेकींवर चढून बसल्या आहेत. ऊन त्यांच्यावरून परततं, पान कमी तापतं, ओलावा टिकायला मदत होते.

हे दुसरं झुडूप ल्युकोफायलम, मूळचं टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोचं. इथे खवले नाहीत, फांद्या फुटलेले केस आहेत. पान बोटाला मऊ लागतं.

आणि ही गोल, समोरासमोर आलेली पानं युकॅलिप्टस सिनेरियाची. ना केस, ना खवले. नुसता मेणाचा थर. बघा, बोट फिरलं तिथे पुसला गेला.

तीन पानं, तीन वेगळी कुळं, आणि रोपावर चिठ्ठी मात्र एकच: ‘सिल्व्हर’. हे थांबायला हवं.

खवल्यांवरही थांबून चालत नाही. खऱ्या ऑलिव्हच्या पानामागेही खवलेच असतात. तेव्हा फांदी बघायची. पानं एकाआड एक असतील तर रशियन ऑलिव्ह, समोरासमोर असतील तर खरं ऑलिव्ह. अमेरिकेच्या पश्चिम भागात रशियन ऑलिव्हने नदीकाठ व्यापलेत, म्हणून लावण्याआधी नाव पक्कं हवं.

आता ही कुंडी. मुळं तपकिरी, मऊ पडलेली. ही मूळकूज. अशी झुडपं तहानेपेक्षा साचलेल्या पाण्याने जास्त मरतात. मुरमाड, निचऱ्याची माती द्या, भरपूर ऊन द्या, आणि पाणी बुंध्याशी घाला. केसाळ पानांवर ते अडकून राहतं. सावलीत आवरण विरळ होतं, झाड हिरवट दिसतं. खत कमी पडलं असं वाटून नत्र घातलं जातं, आणि येतो तो लांबट, लुसलुशीत फुटवा. त्या झाडाला खत नको होतं, ऊन हवं होतं.

हा ट्रे सिल्व्हर बटनवुड या आणखी एका चंदेरी झुडपाचा. देठावरच्या या दोन बारीक ग्रंथी त्याची खूण. सगळी रोपं बियांची, पण काही चंदेरी, काही साफ हिरवी. बियांचा भरवसा नाही, म्हणून जाणकार चंदेरी फांदीलाच गुटी बांधतात, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फुटू देतात. सालीचं कडं काढलं, ओलं शेवाळ गुंडाळलं, वर प्लास्टिक घट्ट आवळलं. आतून पांढरी मुळं भरलेली दिसली की गुटीच्या खाली काप घ्यायचा. कापलेलं रोप आधी सावलीत, मग हळूहळू उन्हात.