रुमालाखालचा भाव

[दृश्य: बैलबाजार. दोन हात, वर रुमाल.]

‘कितला?’ असं तोंडाने कोणी विचारत नाही. विकणाऱ्याचा हात, घेणाऱ्याचा हात आणि वर रुमाल. बोलायचं ते बोटं बोलतात. शेजारी उभ्या माणसालाही आकडा कळत नाही.

आमचा कॅमेराही रुमालाआत शिरला नाही. पण अशाच एका सौद्याचं गणित साडेतीनशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसाने लिहून ठेवलंय. सौदा हिऱ्यांचा होता. अख्खा हात धरला की हजार. एक बोट म्हणजे शंभर, मधल्या पेरापर्यंत धरलं तर पन्नास. नुसतं टोकाचं पेर दाबलं की दहा.

त्या माणसाचं नाव जाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निए.

[दृश्य: चरणमाळ घाट, सकाळचं धुकं.]

सुरतेहून गोवळकोंड्याला जाणाऱ्या एका वाटेचे मुक्काम त्याने क्रमाने नोंदवलेत. त्यात नवापूर आहे, पिंपळनेर आहे, पुढे दौलताबाद आणि औरंगाबाद. पिंपळनेरचं त्याने ‘पिपेलनार’ केलंय, पण गाव ओळखू येतं. आम्ही शाळेत शिकलो तो खान्देश केळीचा आणि कापसाचा. हिऱ्यांच्या व्यापाऱ्यांची वाट आपल्या दारावरून जायची, हे कुठल्याच गुरुजींनी सांगितलं नाही.

[दृश्य: नवापूर. रंगावली नदी, भाताची खाचरं. चुलीवर पातेलं.]

नवापूरला आल्यावर हा जवाहिऱ्या हिरे विसरतो आणि भातावर लिहीत बसतो. गाव विणकरांचं, पण मुख्य व्यापार तांदळाचा. दाणा नेहमीच्या तांदळापेक्षा बराच बारीक. शिजला की बर्फाहून पांढरा, आणि वास कस्तुरीचा.

पातेल्यावरचं झाकण काढलं तेव्हा वाफ थेट लेन्सवर आली. तो शॉट तसाच ठेवलाय.

[दृश्य: जळगाव, सराफ बाजार. चिमट्यात हिरा, मागे दिवा.]

ताव्हेर्निए लिहितो, इथले पारखी हिरा रात्री बघतात. भिंतीत कोनाडा, कोनाड्यात जाड वातीचा दिवा, बोटांच्या चिमटीत खडा. त्या उजेडात खड्याचं पाणी, म्हणजे त्याची स्वच्छ झळाळी, कळतं. पाणी हा शब्द सराफांना आजही समजावून सांगावा लागत नाही.

ताव्हेर्निएने इथून फ्रान्सला एक निळा हिरा नेला. तो ११२ कॅरेटांहून जास्त भरत होता. रंग त्याने लिहिलाय ‘सुंदर जांभळा’. हिरा कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीतला असं मानतात. त्या खाणीवर साठ हजार माणसं राबत होती, बायकापोरं धरून.

१६६८ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने तो विकत घेतला, १६७३ मध्ये घासून ६७ कॅरेटांचा केला. १७९२ मध्ये, फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत, तो पॅरिसमधून चोरीला गेला. १८१२ मध्ये लंडनला एक निळा हिरा उगवला, आणखी लहान. पुढे होप घराण्याचं नाव त्याला चिकटलं. १९५८ मध्ये अमेरिकन जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिला. पाठवला रजिस्टर पोस्टाने!

हा हिरा शापित आहे असं सांगतात, पण त्या गोष्टींना इथे जागा नाही. कुत्र्यांनी फाडला म्हणतात तो ताव्हेर्निए ऐंशी ओलांडून मॉस्कोत वारला.

[दृश्य: सराफाचा काटा, त्यावर सुपारी.]

वॉशिंग्टनला आम्ही गेलेलो नाही, म्हणून ही सुपारी. होप हिरा साधारण एवढाच दिसतो. वजन ४५.५२ कॅरेट, म्हणजे नऊ ग्रॅमच्या किंचित वर. सराफाच्या हिशेबात तोळ्याला थोडं कमी.

हिरा म्हणजे कार्बन. या हिऱ्यात बोरॉनचे अणू शिरलेत, दहा लाखांत जेमतेम एखादा. तेवढ्यानेच उजेडातला तांबडा-पिवळा भाग हिऱ्यात मुरतो आणि निळा बाहेर येतो. बोरॉनमुळेच या जातीच्या हिऱ्यातून वीजही वाहते, जी साध्या हिऱ्यातून वाहत नाही.

आणि अतिनील दिवा त्याच्यावर धरून बंद केला, तर अंधारात हा निळा हिरा काही सेकंद लाल दिसतो. राखेतल्या निखाऱ्यासारखा.

[दृश्य: पडदा काळा. लाल ठिपका. इथे निवेदन नाही.]